एका ओळीपुरतं गप्प

इंदूरच्या रेसिडेन्सी भागाकडच्या एका चर्चमधली रविवारची उपासना. प्रवचन संपतं, बाकांचे पाय फरशीवर खरवडत मंडळी उभी राहते आणि एका सुरात प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची पाठ म्हणायची कबुली, सुरू होतो. इथे तो हिंदीतून म्हणतात. जुनी माणसं त्याला अजून ‘रसूलों का अकीदा’ म्हणतात, आणि मराठी घरांतल्या दोन-चार आज्या हिंदी आवाजाच्या आडून आपला मराठीच पुटपुटत असतात. तिसऱ्या बाकावर एक आजोबा आहेत. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. ख्रिस्त क्रूसावर खिळला गेला, मेला, पुरला गेला, इथपर्यंत ते इतरांच्या अर्धा शब्द पुढेच असतात. मग अधोलोकात उतरण्याची ओळ येते आणि ते थांबतात. तोंड मिटलेलं, नजर समोर. ‘तिसऱ्या दिवशी’ आलं की पुन्हा सुरू. दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गातल्या एका मुलाच्या हे लक्षात आलं आणि उपासनेनंतर चहा घेताना त्याने सरळ विचारलं, “आजोबा, तुम्ही ती ओळ मानत नाही का?” आजोबांचं बालपण वडोदऱ्यात, मेथडिस्ट पंथाच्या मंडळीत गेलेलं. ते म्हणाले, “आमच्याकडे नव्हती रे ती.” मुलगा म्हणाला, “पण आता तुम्ही आमच्याकडे आहात ना?” आजोबांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि विषय तिथेच राहिला. मुलाचा तो दुसरा प्रश्न मात्र साधा नाही.

आजोबांचं उत्तर खरंच आहे. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी अँग्लिकनांची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, ३९ धर्मकलमं छाटून २४ केली, तेव्हा ख्रिस्ताच्या अधोलोकात उतरण्याचं कलम त्यात ठेवलं नाही. पुढे तिथल्या मतांगीकारातूनही ही ओळ गेली, आणि गुजरातेत आलं ते मेथडिस्ट मिशन अमेरिकेचंच. उलट इंदुरात १८७७ मध्ये आले ते कॅनडाचे प्रेस्बिटेरियन, हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ. क्रिश्चन कॉलेज त्यांचंच, १८८७ चं. त्यांच्या परंपरेत ओळ राहिली, पण तिचा अर्थ अगदी कोरडा लावला गेला: तिसऱ्या दिवसापर्यंत तो मेलेल्यांच्या अवस्थेत राहिला, एवढंच. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने त्याहून वेगळं सांगितलं होतं, की क्रूसावर त्याच्या जिवाने जो नरक सोसला त्याचीच ही ओळ आहे. आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चित्रांत पाहाल तर मोडून पडलेल्या दारांवर ख्रिस्त उभा असतो आणि आदाम-हव्वेला मनगट धरून कबरीतून ओढून काढत असतो. ओळ एकच, तिचे तीन अर्थ, आणि चौथ्या ठिकाणी ती ओळच नाही. बरं, ती पहिल्यापासून तरी होती का? रुफिनस नावाच्या लेखकाने इ.स. ४०० च्या सुमारास आपल्या अक्विलेया गावच्या मतांगीकारावर भाष्य लिहिलं. त्यात तो सांगून टाकतो, ही ओळ आमच्याकडे आहे, रोमच्या मतांगीकारात नाही. म्हणजे ‘आमच्याकडे नव्हती’ हे उत्तर सोळाशे वर्षं जुनं आहे, फक्त देणारे बदलले. आज आपण म्हणतो तो संपूर्ण पाठ आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या लिखाणात पहिल्यांदा सापडतो. बारा प्रेषितांनी एकेक ओळ दिली ही कथा गोड आहे, पण ती कथाच.

तर मग विश्वासाचा पाया म्हणतात तो कशाला?

मत्तयाच्या शुभवर्तमानातला फिलिप्पाच्या कैसरियातला प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, पण जागेकडे फार कुणी पाहत नाही. हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी कड्यातून यार्देनेचा एक झरा निघतो, कड्यातल्या गुहेत पॅन देवाचं ठाणं, जवळच थोरल्या हेरोदाने ऑगस्टस कैसरासाठी बांधलेलं मंदिर, आणि गावाचं नावच कैसराच्या नावावरून ठेवलेलं. अशा ठिकाणी येशू आधी सोपा प्रश्न विचारतो: लोक मला कोण म्हणतात? शिष्य भराभर सांगतात, कुणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतं, कुणी एलीया, कुणी यिर्मया. इतरांची मतं सांगायला कधीच काही मोल पडत नाही. मग प्रश्न वळतो: आणि तुम्ही? पेत्र म्हणतो, आपण ख्रिस्त, जिवंत देवाचे पुत्र आहात. त्यावर येशू त्याला सांगतो, ह्या खडकावर मी आपली मंडळी (म्हणजे चर्च) रचीन. हा खडक म्हणजे पेत्र की पेत्राने दिलेली कबुली, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घराणी शतकानुशतकं भांडली. क्रिसोस्तोम या प्राचीन धर्मगुरूने आपल्या प्रवचनात कबुलीतला विश्वास हाच खडक असं म्हटलं. त्याच काळातला बिशप ऑगस्टीन याने एकदा एक अर्थ सांगितला, एकदा दुसरा, आणि म्हातारपणी आपलं लेखन तपासताना वाचकानेच काय ते ठरवावं म्हणून सोडून दिलं. मला हा ऑगस्टीनचा सर्वांत प्रामाणिक निकाल वाटतो. कारण त्याच अध्यायात, पाचसहा वचनं पुढे गेल्यावर, हाच पेत्र प्रभूला क्रूसाच्या वाटेवरून मागे ओढू पाहतो आणि ‘सैताना, माझ्यामागे हो’ असं ऐकून घेतो. म्हणजे खडक माणूस धरा नाहीतर त्याचं वाक्य धरा, त्या माणसाला स्वतःच्या वाक्याचा पुरता अर्थ अजून कळलेला नव्हता. आणि तरीही मंडळी त्यावर रचायला घेतली गेली.

कबुली हे उत्तर असतं, समोरून कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं. हे एकदा लक्षात आलं की मतांगीकाराची घडण उलगडायला लागते. सुरुवातीच्या काळात तो सलग म्हणायचा मजकूर नव्हताच. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या जुन्या विधिसंग्रहात बाप्तिस्म्याची रीत दिली आहे. उमेदवार पाण्यात उभा. विधी करणारा विचारतो, सर्वसमर्थ देवपित्यावर विश्वास ठेवतोस का? तो म्हणतो, ठेवतो, एक बुडी. मग पुत्राबद्दलचा लांब प्रश्न, जन्मापासून न्यायनिवाड्यापर्यंत, ठेवतो, दुसरी बुडी. मग पवित्र आत्मा, मंडळी आणि पुनरुत्थान, ठेवतो, तिसरी. त्या तीन प्रश्नांतले प्रश्न गाळले आणि उत्तरं एकापुढे एक जोडली, की आपला मतांगीकार तयार. यरुशलेमेत चौथ्या शतकात बिशप सिरिलच्या वेळी त्याआधी आणखी एक पायरी होती: बाहेरच्या दालनात पश्चिमेकडे तोंड करून, हात पुढे ताणून सैतानाला नाकारायचं, मग अंगाचा पूर्ण फेर घेऊन पूर्वेकडे वळायचं आणि कबुली द्यायची. आजही बाप्तिस्म्यात नाकारण्याचे प्रश्न आधी आणि विश्वासाचे नंतर येतात ते याच कारणाने. घाईच्या उपासनेत पाळक हे दोन्ही गट एका दमात वाचून टाकतात आणि उत्तरं एकात एक मिसळतात. मध्ये दोन श्वासांची जागा सोडावी. माणसाला वळायला तेवढा वेळ लागतो.

सिरिलची आणखी एक सूचना शिकवणाऱ्यांनी उचलावी अशी आहे. मतांगीकार कागदावर लिहून घेऊ नका, म्हणून दाखवून पाठ करा, असं तो उमेदवारांना बजावतो. तेव्हाच्या मंडळ्यांत हा दोन टप्प्यांचा व्यवहार असे. बाप्तिस्म्याच्या काही आठवडे आधी मंडळी उमेदवाराला मतांगीकार तोंडी ‘देत’ असे आणि ठरल्या दिवशी उमेदवार तो सगळ्यांसमोर ‘परत करत’ असे. आता दृढीकरणाच्या वर्गात झेरॉक्स वाटतात. मुलं तो कागद परीक्षेच्या उत्तरासारखा घोकतात, आणि मग ठरावीक गोष्टी बिघडतात. ‘पंतय पिलात’ला जीभ अडखळते. पवित्र आत्म्यानंतर येणारी मंडळी, पापांची क्षमा, देहाचं पुनरुत्थान ही भराभर येणारी नामं एकमेकांच्या जागा बदलतात, कारण तिथे क्रियापद नाही, गोष्ट नाही. पुत्राच्या भागात सहसा कुणी चुकत नाही, तिथे सगळी क्रियापदंच आहेत: जन्मला, सोसलं, मेला, उठला, चढला, बसला आहे, येणार आहे. म्हणून आधी हा मधला भाग काळांच्या क्रमाने बसवावा, मग वरचा छोटा, आणि शेवटचा सर्वांत उशिरा, प्रत्येक नामापुढे ‘यावर माझा विश्वास आहे’ पुन्हा जोडून. वेग हा मोठा शत्रू आहे. तीस जणांनी एकत्र म्हणायचं तर चाल सर्वांत हळू म्हाताऱ्याच्या श्वासावर ठरते, माइकवाल्याच्या नव्हे.

त्या मधल्या भागात आणखी एक गंमत आहे. जन्म झाला की थेट पिलात येतो. डोंगरावरचं प्रवचन, कुष्ठरोगी, पाच भाकरी, दाखले, सगळं एका स्वल्पविरामात. मरीयेचं आणि पिलाताचं, येशूशिवाय एवढी दोनच माणसांची नावं उरतात. पिलाताने काय पुण्य केलं होतं? एक कारण तारखेचं: तो इ.स. २६ ते ३६ यहूदीयाचा सुभेदार होता, आणि त्याचं नाव घेतलं की घटना पुराणकाळातून उचलून सरकारी दप्तरात येऊन पडते. समुद्रकाठच्या कैसरियाच्या (फिलिप्पाच्या नव्हे) उत्खननात १९६१ मध्ये त्याच्या नावाचा शिलालेखही निघाला. दुसरं कारण तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. तीमथ्याला त्याने पुष्कळ साक्षीदारांदेखत दिलेल्या चांगल्या कबुलीची आठवण करून देताना पत्र सांगतं, ख्रिस्त येशूनेही पंतय पिलातासमोर ती चांगली कबुली दिली होती. म्हणजे रांगेत पहिला तोच उभा राहिला. त्यालाही प्रश्न विचारला गेला होता, तू राजा आहेस काय?

प्रश्न विचारणारा जेव्हा पाळक नसून अधिकारी असतो, तेव्हा पाया किती खोल आहे ते कळतं. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला आपली पद्धत कळवतो: तू ख्रिस्ती आहेस का, असं मी तीनदा विचारतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी शिक्षेची धमकी देऊन. नाही म्हणणाऱ्याने देवांचा धावा करायचा, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य ठेवायचं आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने देवांना बळी देणं सगळ्या साम्राज्यावर लादलं आणि त्याचे दाखले निघाले. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त पपायरस सापडले आहेत: अर्जदाराचं नाव, गाव, मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर दिला आणि चाखला, खाली सह्या. काहींनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. मनात विश्वास शाबूत, हातात उलटा कागद. छळ ओसरल्यावर ह्या लोकांचं काय करायचं यावरून कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या डोक्याला जो ताप झाला, तो बळी देऊन मोकळ्या झालेल्यांइतकाच यांचाही होता. ‘मनात होतं ना’ हे उत्तर मंडळीने सहज मानलं नाही. आपल्या मध्य प्रदेशातही, २०२१ च्या कायद्यानुसार, धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्यानेही साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं. ही तरतूद न्यायालयात गेलेली आहे, त्यात इथे शिरत नाही. पण इथला पाळक बाप्तिस्म्याचे प्रश्न विचारतो तेव्हा ते हवेत नसतात, हे त्याला आणि उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक असतं.

छळ नसतानाही उघड बोलणं जड जातं. योहानाचं शुभवर्तमान नोंदवतं की अधिकाऱ्यांतल्याही पुष्कळांनी विश्वास ठेवला, पण सभाबहिष्कृत होऊ या भीतीने ते कबूल करीनात. चौथ्या शतकातल्या रोममध्ये व्हिक्टोरिनस हा वक्तृत्वशास्त्राचा नावाजलेला शिक्षक होता, शहराने चौकात पुतळा उभारावा एवढा. तो खासगीत सिम्प्लिशियन या ख्रिस्ती मित्राला म्हणायचा, मी आतून ख्रिस्तीच आहे बरं का. सिम्प्लिशियन म्हणायचा, चर्चमध्ये दिसशील तेव्हा मानीन. यावर व्हिक्टोरिनस हसून म्हणे, म्हणजे भिंती माणसाला ख्रिस्ती करतात होय! हा किस्सा ऑगस्टीनने लिहून ठेवला आहे. शेवटी बाप्तिस्म्याची वेळ आली. बुजऱ्या माणसांना एकांतात कबुली देण्याची सवलत रोममध्ये होती, ती पाळकांनी त्याला देऊ केली. त्याने नाकारली. आयुष्यभर चौथऱ्यावरून अलंकारशास्त्र शिकवलं, त्यात काही तारण नव्हतं, आणि आता हे बोलायला लाजू? तो वर चढला तेव्हा ओळखणाऱ्यांत त्याच्या नावाची कुजबुज उठली, मग तो बोलू लागताच सगळे गप्प झाले. मला त्याच्या विनोदातही तथ्य वाटतं. भिंती ख्रिस्ती करत नाहीतच. पण भिंतींच्या आत ऐकणारे कान असतात, आणि उद्यापासून ते कान तुम्हाला तुमच्या शब्दाला धरणार असतात.

३२५ मध्ये नायसियातल्या बिशपांच्या परिषदेत कबुलीचा स्वभाव थोडा पालटला. तिथला मजकूर ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असा सुरू होतो, पाण्यात उभ्या माणसाच्या ‘मी’ने नव्हे, आणि शेवटी वेगळं म्हणणाऱ्यांवर शाप आहेत. बिशपांनी सह्या करायच्या होत्या. दोघांनी केल्या नाहीत, ते पुत्र निर्माण केलेला आहे असं शिकवणाऱ्या अरियससोबत हद्दपार झाले. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की निर्माण केलेला आहे, हा वाद फुटकळ नव्हताच. तरी उत्तर देणं वेगळं आणि सही करणं वेगळं. पुढे शतकानुशतकं मतांगीकार गाळणीसारखा वापरला गेला, त्याची मुळं इथे आहेत. त्या वैतागातूनच अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात डिसायपल्स ऑफ क्राइस्ट हा पंथ निघाला. त्यांनी सगळे मतांगीकार बाजूला ठेवले आणि बाप्तिस्म्याला एकच प्रश्न ठेवला, फिलिप्पाच्या कैसरियाचा: येशू हा ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहे, असा तुझा विश्वास आहे का?

आता गंमत बघा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनलं, तेव्हा हेच डिसायपल्स, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियनांची वारसदार संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, तीनदा पुढे वाकवून बुडवणारे ब्रेदरन, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, असे सहा प्रवाह एकत्र आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, म्हणजे आजोबांच्या बालपणातले, ऐन वेळी बाहेर राहिले. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयाचा बाप्तिस्मा, दोन्ही रिती ह्या मंडळीत समान धरल्या गेल्या. लहानपणी झाला असेल तर कबुली दृढीकरणाला स्वतःच्या तोंडाने. एवढी वेगवेगळी पाठांतरं एका छताखाली आल्यावर रविवारी एखादा एखाद्या ओळीला गप्प राहणारच. आरतीत कडवं न येणारे ध्रुवपदाला मोठ्याने येतात आणि कुणी त्यांना बाहेर काढत नाही, तसंच काहीसं. आजोबा गप्प असतात तेव्हा ओळ चुकत नाही, उरलेले लोक ती म्हणत असतात. त्या मुलाला हेच सांगायला हवं होतं असं वाटतं. पण त्याचा प्रश्नही फेटाळता येत नाही: जे सगळ्यांचं आहे ते आता तुमचं झालं की नाही? कबुली मंडळीकडून उसनी घेता येते, पण कधीतरी ती परत करायची असते, सिरिलच्या उमेदवारांसारखी. आजोबा ती कधी परत करणार, किंवा करायलाच हवी का, हे दुसऱ्याने ठरवायचं नाही, एवढंच मला म्हणता येतं.

रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल एक विलक्षण गोष्ट करतो. नवव्या वचनात आधी मुखाने कबूल करणं येतं, मग अंतःकरणाने विश्वास धरणं. दहाव्यात क्रम उलटा: आधी अंतःकरण, मग मुख. पहिला क्रम त्याने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या, म्हणजे मोशेच्या, वचनावरून उचलला आहे, पण दोन्ही ठेवले आहेत, आणि दोन्ही प्रकारची माणसं भेटतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा त्रैक्यासकट (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) अनेक मुद्द्यांवर पत्रांतून असा काही वाद झाला, की बिचाऱ्या सिस्टरला आपण नेमकं कुणाला शिकवतो आहोत असं झालं असेल. पाळकाच्या तोंडून आलं म्हणून मान्य, ही सवय रमाबाईंना नव्हती. आणि पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. मुख आधी, अंतःकरण सात-आठ वर्षांनी. तो १८८३ चा होकार खोटा होता, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

दृढीकरणाचे वर्ग पेत्रापासून सुरू होतात. मला विचाराल तर ते योहानाच्या अकराव्या अध्यायापासून सुरू करावेत. लाजर मरून चार दिवस झालेत, घर पाहुण्यांनी भरलंय, आणि मार्था एकटी गावाबाहेर येशूला गाठते. आधी तक्रार: तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मग येशू तिला पुनरुत्थानाबद्दल सांगतो आणि विचारतो, हे तू खरं मानतेस काय? ती म्हणते, होय प्रभू, जगात येणारा जो देवाचा पुत्र ख्रिस्त तो आपणच आहात असा मी विश्वास धरला आहे. पेत्राच्या कबुलीत आहे ते सगळं ह्यात आहे, वर सुतकातल्या बाईने दिलेलं. पण हिच्या वाक्यावरून कुठे खडकाचा वाद पेटला नाही. नंतर कबरीपाशी येशू म्हणतो, धोंड काढा. आणि हीच मार्था त्याला थांबवते: प्रभू, आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. येशू तिला आपण आधी सांगितलेल्या शब्दांची आठवण देतो. ती पुढे काही बोलत नाही, आणि माणसं धोंड काढतात.